दशांशचिन्हापुढे किती घरे?



यंत्राने दाखविलेला आकडा बिनचूक असतो, अशी एक समजूत आपल्या घराघरांतून दृढ झाली आहे. वाण्याच्या काट्यावरचे वजन, पगाराच्या चिठ्ठीवरील रक्कम, निकालपत्रावरील शेकडेवारी हे सारे आज संगणकातून छापून येते, आणि एकदा छापून आले की वाद मिटला असे आपण मानतो. या समजुतीविषयी मला थोडे लिहावयाचे आहे. दशांशचिन्हापुढे किती अंक दाखवावयाचे, हे संगणक आपण होऊन ठरवीत नाही. ते कोणीतरी माणूस ठरवितो. आणि ज्याने ते ठरविले नाही, त्याने तो निर्णय यंत्राच्या मर्जीवर सोडला, एवढेच. हा निर्णय दिसावयास क्षुल्लक आहे, पण त्यात कोणाची तरी मजुरी, कोणाचा तरी क्रमांक, कोणाचा तरी हक्क गुंतलेला असतो. आपल्या शाळांतून मुले आता प्रोग्रॅम लिहावयास शिकतात. उत्तर कसे काढावे हे त्यांना शिकविले जाते. काढलेले उत्तर कसे दाखवावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. ते शिकविले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषा शिकविणाऱ्या, कलाशाखेच्या पदवीधर शिक्षिकेने या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की आकडा छापणे हेही एक लेखनच आहे. वाचणाऱ्याला किती सांगावे, काय वगळावे, कोठे थांबावे, हे प्रश्न निबंध लिहिताना पडतात तसेच आकडा लिहितानाही पडतात. माझी घरची भाषा कोंकणी. तीत ‘मातशें’ असा एक गोड शब्द आहे. किंचित, थोडेसे, असा त्याचा अर्थ. ‘मातशें मीठ घाल’ असे आईने सांगितले की मुलीला नेमके किती ते कळते. संगणकाला ‘मातशें’ कळत नाही. त्याला दोन घरे की तीन, हे सांगावेच लागते.

न सांगितले तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. पायथन या संगणकभाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागा. चौथीतील मूलही ०.३ असे सांगेल. यंत्र उत्तर देते : ०.३०००००००००००००००४. हे पाहून मुले प्रथम हसतात आणि मग यंत्र बिघडले आहे असे म्हणतात. यंत्र बिघडलेले नसते. त्यामागील कारण समजून घ्यावयाचे तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या रुपयाकडे जावे लागेल.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै होत. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्या काळी तीन भावांत एक रुपया वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ आणे ४ पै येत, आणि हिशेब चोख मिटे. शंभर पैशांच्या नव्या रुपयात तीच वाटणी ३३.३३३... अशी होते, ती कधीच संपत नाही. उलट पाच भावांत रुपया वाटावयाचा तर नवा रुपया सोपा, प्रत्येकी २० पैसे. जुन्यात मात्र प्रत्येकी ३८ पै देऊन वर दोन पै उरत. तात्पर्य, कोणता अपूर्णांक सुबक आणि कोणता बेंगरूळ, हे त्या अपूर्णांकावर नव्हे, तर आपण मोजणी कशाच्या पटीत करतो यावर अवलंबून असते. संगणक मोजतो तो दोनच्या पटीत. अर्धा, पाव, एक अष्टमांश हे तो तंतोतंत मांडतो. परंतु एक दशांश त्याला तसाच न संपणारा वाटतो, जसा आपल्याला एक तृतीयांश. मग तो आपल्याजवळ असलेल्या जागेत मावेल इतका भाग ठेवतो आणि उरलेला सोडून देतो. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ नावाच्या प्रमाणपद्धतीनुसार ही जागा बहुधा ६४ खणांची असते, आणि तीत साधारण १५ ते १७ अंकांपर्यंतची अचूकता राहते. वरच्या उत्तरातील शेपटीचा ४ हा त्या सोडून दिलेल्या भागाचा अवशेष आहे.

ही शेपटी झाकावयाची सोय प्रत्येक संगणकभाषेत असते. पायथनमध्ये महिरपी कंसात संख्येच्या नावापुढे कोलन, टिंब, २ हा अंक आणि एफ हे अक्षर लिहिले, की दशांशचिन्हापुढे दोनच घरे छापली जातात. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेत हेच काम ‘प्रिंटएफ’ या आज्ञेने, शेकड्याचे चिन्ह लिहून होते. पुढच्या कित्येक भाषांनी ही रीत तेथूनच उचलली. येथे एक भेद ध्यानी धरावयास हवा, कारण पुढचा सारा घोटाळा तो न ओळखल्याने होतो. या आज्ञेने संख्या बदलत नाही; तिचे दर्शन तेवढे बदलते. आत १२.३७५ आहे आणि बाहेर १२.३८ दिसते. संख्याच बदलून टाकणारी आज्ञा निराळी आहे, तिला पायथनमध्ये ‘राउंड’ म्हणतात. दाखविताना आवरते घेणे आणि आतला माल कापून टाकणे, या दोन गोष्टी घरातल्या माणसाला सारख्या दिसल्या, तरी लिहिणाऱ्याला त्या एक वाटता कामा नयेत.

तशातही यंत्राची रीत शाळेतल्या रीतीहून वेगळी असू शकते. आपण शिकवितो, की पुढचा अंक ५ अथवा त्याहून मोठा असेल तर मागच्यात एक मिळवावा. पायथनला २.५ जवळच्या पूर्णांकावर आणावयास सांगा. तो २ म्हणतो. ३.५ ला मात्र ४ म्हणतो. बरोबर मध्यावरची संख्या सम अंकाकडे झुकवावी, म्हणजे पुष्कळ आकड्यांच्या बेरजेत वाढ आणि घट एकमेकींना फेडतात, असा त्यामागे विचार आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. २.६७५ ची गोष्ट आणखी मौजेची. दोन घरांपर्यंत आणा म्हटले की तो २.६७ देतो, कारण त्याच्या पोटात ही संख्या २.६७५ हून अतिसूक्ष्म प्रमाणात कमी अशी साठविलेली असते. पैशाचे हिशेब लिहिणारा शहाणा माणूस म्हणून अपूर्णांक ठेवीतच नाही. तो सारे पैशात, पूर्णांकात मांडतो, नाही तर ‘डेसिमल’ नावाची कागदावरच्यासारखी दशमान गणिते करणारी सोय वापरतो.

आता हे सारे डिंडोलीत कोणाला लागू पडते, ते सांगते. आपल्या वस्तीतील पुष्कळ कुटुंबे खानदेशातून, जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीकाठच्या रेल्वेने येथे आली. कोणी लूमवर आहे, कोणी भरतकामाच्या यंत्रावर, कोणी हिरे घासतो. यांपैकी बहुतेक कामांची मजुरी नगावर किंवा मीटरवर ठरते. समजा, एका नगाचा दर हिशेबाने १२ रुपये साडेसदतीस पैसे, म्हणजे १२.३७५ निघतो, आणि महिन्यात ६४० नग झाले. पूर्ण दराने गुणले तर मजुरी ७,९२० रुपये. दर आधीच १२.३७ असा कापून मग गुणले तर ७,९१६ रुपये ८० पैसे. फरक ३ रुपये २० पैशांचा. एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार? परंतु दोनशे कारागिरांचे मिळून तेच ६४० रुपये होतात, ते दरमहा होतात, आणि विशेष म्हणजे ते नेहमी एकाच बाजूला झुकतात. येथे कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने चिठ्ठी नीटनेटकी दिसावी म्हणून दोन घरे मागितली असतील, आणि ती दाखविण्यापूर्वी न मागता गुणाकारापूर्वी मागितली असतील. एका ओळीची जागा चुकली. ती ओळ उद्या आपल्याच शाळेतून गेलेला एखादा मुलगा लिहिणार आहे.

१९५७ साली हाच अनुभव साऱ्या देशाने घेतला होता. एका आण्याचे खरे मोल सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नाही, म्हणून कोष्टकात १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९ आणि ४ आण्यांचे २५ नवे पैसे धरले गेले. एक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे, चारही एकदम घेतल्या तर २५. कोष्टक करणाऱ्यांचा यात दोष नव्हता. जेथे जेथे प्रत्येक पायरीवर काटछाट होते, तेथे तेथे असा फरक पडतोच. एकदाच, अखेरीस केली तर तो किमान राहतो.

कॅनडातील व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने हा धडा फार महागात घेतला. जानेवारी १९८२ मध्ये तेथे १,००० या अंकापासून एक निर्देशांक सुरू करण्यात आला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तीन घरांपुढचे अंक नुसते कापून टाकले जात. काप अगदी बारीक, पण तो दिवसातून असंख्य वेळा, आणि सदैव खालच्याच दिशेने. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवीत होता. दुरुस्त हिशेब केला तेव्हा तो १,०९८.८९२ निघाला! बाजार चढलेला असताना फलक त्याला निम्म्यावर आलेला दाखवीत होता.

व्हँकुव्हरला आतली संख्याच कापली गेली होती. नुसत्या दर्शनाने काय अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण जर्मनीतले आहे. श्लेस्विग-होल्स्टाइन या प्रांतात ५ एप्रिल १९९२ रोजी निवडणूक झाली. तेथे सामान्यतः पाच टक्के मते मिळाल्याखेरीज पक्षाला विधिमंडळात जागा मिळत नाहीत. मोजणीअंती ग्रीन पक्षापुढे ५.० असा आकडा छापून आला आणि पक्षाने उंबरठा ओलांडला असे जाहीर झाले. मध्यरात्रीनंतर कोणाच्या तरी ध्यानात आले, की खरी मते ४.९७ टक्के आहेत. छापणारा प्रोग्रॅम एकच घर दाखवीत असल्याने त्यांचे ५.० झाले होते. निकाल फिरविण्यात आला, जागांची वाटणी बदलली आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला एक जागा अधिक मिळून त्याचे बहुमत झाले. एरवी एक घर पुरेसेच होते. जेथे उंबरठा आहे, तेथे ते पुरले नाही.

असाच उंबरठा आपल्या सुरतेत रोज ओलांडला जातो, किंवा ओलांडता ओलांडता राहतो. हिऱ्याचे वजन कॅरटमध्ये सांगतात. (सोन्याचा कॅरट शुद्धतेचा, हिऱ्याचा वजनाचा, मुले यांत नेहमी गफलत करतात.) एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. बरोबर एक कॅरट भरणाऱ्या हिऱ्याचा भाव त्याहून किंचित कमी भरणाऱ्या हिऱ्यापेक्षा एकदम वर चढतो. आता ०.९९६ कॅरट भरलेला एक हिरा घ्या. शाळेच्या नियमाने दोन घरांपर्यंत आणला तर तो १.०० होतो, आणि संगणकाला दोन घरे दाखव म्हटले तर तोही १.०० च दाखवितो. परंतु जगभर मानल्या जाणाऱ्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेचा नियम निराळा आहे. तेथे वजन पाच घरांपर्यंत मोजतात आणि दोन घरांपर्यंत लिहितात. पण तिसऱ्या घरात ९ असेल तरच वर चढवितात. ०.९९८ चे ०.९९ होते, ०.९९९ चे मात्र १.००. म्हणजे हिऱ्याच्या कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने यंत्राची तयार आज्ञा डोळे मिटून वापरली, तर त्याच्या कागदावर एक कॅरट आणि प्रमाणपत्रावर ०.९९, असा विसंवाद उभा राहील. गणिताचे पुस्तक येथे त्याच्या मदतीला येत नाही. त्याने कारखान्यात जाऊन विचारले पाहिजे, की बाबांनो, तुम्ही कोणत्या रीतीने लिहिता?

काही ठिकाणी हे विचारावयाची गरज कायद्यानेच ठेवलेली नाही. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या १७० व्या कलमात कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणावी, पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास एक रुपया धरावा आणि कमी असल्यास सोडून द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. कोणाला पटो वा न पटो, नियम लेखी आहे आणि दोन्ही पक्षांना ठाऊक आहे. मजुरीच्या चिठ्ठीवर असा लेखी नियम मी क्वचितच पाहिला. तळाशी एक ओळ छापावयास काय हरकत आहे?

इतके वाचून एखादा म्हणेल, मग सारेच अंक दाखवा, म्हणजे कोणावर अन्याय नको! हा उपाय मला मुळीच मान्य नाही. साठ मुलांच्या वर्गाची सरासरी ४३.२८३३३३३३ अशी लिहिलेली वही माझ्यासमोर येते, तेव्हा ती लिहिणाऱ्याने विचार केलेला नाही, एवढेच मला कळते. गुण पूर्णांकात दिलेले, आणि सरासरी कोट्यंशापर्यंत! ज्या फूटपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत, तिने मोजलेल्या बाकाची लांबी मिलिमीटरच्या सहस्रांशात सांगणे हे अचूकपण नव्हे, ते सोंग आहे. वाचणाऱ्याला वाटते, केवढे बारीक मोजले! प्रत्यक्षात यंत्राने जे ओकले ते उतरविलेले असते. दुसरीकडे, अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेत पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत काढतात. लाखो विद्यार्थी बसतात, दोनच घरे ठेवली तर एकाच आकड्यावर हजारोंची गर्दी होईल, म्हणून ती सात घरे. तेथे ती शोभतात. पालकांनी मात्र सातव्या घरावरून आपल्या मुलाची शेजारच्या मुलाशी तुलना करू नये; त्या अंकाचे काम रांग लावण्याचे आहे, हुशारी सांगण्याचे नव्हे.

कामाप्रमाणे सूक्ष्मता ठरवावी, हा विचार काही संगणकाबरोबर आलेला नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त वर्तुळाच्या परिघासाठी दोन गुणोत्तरे दिली आहेत. ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म, आणि २२ भागिले ७ हे स्थूल, व्यवहारापुरते. पहिल्याचे दशांशात ३.१४१६ होतात, दुसऱ्याचे ३.१४२८ आणि पुढे. मला यातली खरी थोरवी ही वाटते, की त्यांनी दोन्ही दिली आणि कोणते कशासाठी हेही सांगितले. विहिरीचा काठ बांधणाऱ्याला २२ भागिले ७ पुरते. ग्रहगणित करणाऱ्याला ते पुरत नाही. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला आहे. डिंडोलीतील कितीतरी मुलांचे आजोळ त्याच जिल्ह्यात आहे. सुट्टीत गावी गेल्यावर पाटणला अवश्य जाऊन यावे.

हे काम जाणत्यांवर, मोठ्या कंपन्यांतल्या तज्ज्ञांवर सोपवावे, शाळकरी मुलांच्या डोक्याला त्याचा ताप कशाला, असाही एक पक्ष आहे. मला तो पटत नाही. मजुरीची चिठ्ठी, सोसायटीचे देखभालबिल, भिशीचा हिशेब, शाळेचा निकाल हे प्रोग्रॅम लिहावयास कोणी मोठा तज्ज्ञ येत नाही. ते गल्लीतलाच, नुकताच शिकून बाहेर पडलेला तरुण लिहितो, बहुधा रात्री उशिरा आणि घाईत. त्याला शाळेतच कोणी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावली असती, की हा आकडा कोण वाचणार, याच्यापुढे कोणता उंबरठा आहे, आणि काटछाट आधी की अखेरीस, तर पुष्कळ तंटे उपजलेच नसते. आपल्या निकालपत्रावर ७९.९९६ टक्क्यांचे ८०.०० दिसावयाचे की ७९.९९, हेही वर्षारंभी ठरवून फलकावर लावावे. निकालाच्या दिवशी ठरवावयाची ही गोष्ट नाही.

जाता जाता अल्पविरामाविषयी. संगणकाला मोठी संख्या स्वल्पविराम घालून छाप म्हटले, की तो बहुधा १,२३४,५६७ अशी, तीन तीन अंकांचे गट पाडून छापतो. आपल्या आजीला ती वाचता यावयाची नाही. तिला १२,३४,५६७ हवे, म्हणजे बारा लाख चौतीस हजार हे तिच्या डोळ्यांपुढे आपोआप उभे राहते. जर्मन माणूस तर दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतो आणि हजाराच्या जागी टिंब. पायथनपुढे ‘१२५’ असा मराठी अंकांतला मजकूर ठेवून याची संख्या कर म्हटले, तर तो निमूटपणे करून घेतो. उत्तर मात्र इंग्रजी अंकांत छापतो. ते मराठी अंकांत आणि लाखाच्या पद्धतीने छापण्याचा प्रोग्रॅम आठ-दहा ओळींचा आहे. आठवी-नववीच्या मुलांनी तो सुट्टीत लिहून पाहावा आणि पहिली चाचणी म्हणून घरच्या विजेच्या बिलाचा वर्षाचा हिशेब त्यातून छापून आजीच्या हाती द्यावा. दशांशापुढे दोन घरे, आणि बेरीज आधी, काटछाट मागाहून.